कोऱ्या जागांचा दस्तऐवज

सी भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्रॅम लिनक्सवर ‘जीसीसी’ या कंपायलरच्या स्वाधीन केला म्हणजे तो, आपण सहसा समजतो त्याप्रमाणे, एका दमात यंत्रभाषेत उतरत नाही. जीसीसी त्याचे प्रथम असेंब्ली भाषेत रूपांतर करते, ते रूपांतर एका तात्पुरत्या फाइलीत उतरवते, आणि मग ‘एएस’ या दोन अक्षरी नावाच्या एका निराळ्याच प्रोग्रॅमला पाचारण करून ती फाइल त्याच्या हवाली करते. एएस आपले काम क्षणार्धात आटोपतो, एक ऑब्जेक्ट फाइल निर्माण करतो आणि बाजूला होतो. तात्पुरती फाइल पुसली जाते. आणि ज्याच्या हातून मानवी अक्षरांचे प्रोसेसरच्या आकड्यांत खरेखुरे पदार्पण झाले तो असेंबलर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बहुसंख्य मंडळींना आयुष्यभर अपरिचितच राहतो. ही उपेक्षा मला अन्याय्य वाटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिच्यामुळे संगणकशास्त्रातील एका फार सुंदर कल्पनेला आपण मुकतो.

असेंबलर काय करतो, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर असे, की तो प्रत्येक आज्ञेच्या नावाबद्दल तिचा ठरलेला आकडा लिहितो. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कारण एवढेच काम असते तर एक कोष्टक आणि चिकाटीचा एक कारकून यांनी ते पार पाडले असते. माझ्या मते असेंबलरचे मोठेपण, त्याला जे ठाऊक आहे ते लिहिण्यापेक्षा, जे ठाऊक नाही त्याची बिनचूक नोंद करून ठेवण्यात आहे. ऑब्जेक्ट फाइल हा मुद्दाम अपुरा ठेवलेला दस्तऐवज आहे, आणि त्याचा अपुरेपणा इतका शिस्तबद्ध आहे, की त्याच्या पायावर लाखो ओळींचे प्रोग्रॅम शेकडो हातांनी रचणे शक्य झाले.

या कल्पनेचे मूळ संगणकाच्या बाल्यावस्थेइतके जुने आहे. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात कॅथलीन ब्रिटन, ज्या पुढे कॅथलीन बूथ या नावाने प्रसिद्ध झाल्या, त्यांनी १९४७ च्या सुमारास यंत्राच्या आज्ञा चिन्हांनी लिहिण्याची पद्धती मांडली. पुढे ६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या ‘एड्सॅक’ या संगणकाने आपला पहिला प्रोग्रॅम चालविला, तेव्हा त्या यंत्रात डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने रचलेल्या प्रारंभिक आज्ञांचा एक लहानसा संच कायमचा बसविलेला होता. बेरजेसाठी ‘ए’, वजाबाकीसाठी ‘एस’ अशी एकेक अक्षरे आणि दशमान पद्धतीतील पत्ते कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने यंत्रात शिरत, आणि हा संच त्यांचे द्विमान आज्ञांत रूपांतर करून त्या स्मृतीत मांडीत असे. आज आपण ज्याला असेंबलर म्हणतो त्याचे बीज एवढ्या चिमुकल्या तजविजीत होते.

परंतु व्हीलर तेवढ्यावर थांबला नाही. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रॅमात पुनःपुन्हा करावी लागत, आणि ती एकदाच लिहून त्यांच्या फितींचा संग्रह करावा, मग ज्याला जी हवी ती त्याने आपल्या प्रोग्रॅमाच्या फितीस जोडावी, अशी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांची योजना होती. अडचण अशी, की संग्रहातील फीत या खेपेस स्मृतीत कोठे जाऊन बसणार हे ती लिहिणाऱ्यास माहीत असणे शक्यच नव्हते, आणि आज्ञांत तर पत्ते लिहावेच लागत. व्हीलरने त्याच वर्षी प्रारंभिक आज्ञांचा जो दुसरा संच तयार केला त्यात यावर उपाय होता: आज्ञेच्या शेवटी एक ठरावीक खूण लिहिली, की फीत वाचताना त्या आज्ञेतील पत्त्यात त्या तुकड्याच्या आरंभस्थानाचा आकडा आपोआप मिळविला जाई. पत्ता तूर्त सापेक्ष लिहावा आणि तो दुरुस्त करावयाचा आहे हे शेजारी नमूद करावे, एवढीच ही युक्ती. पण आजच्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत तीच वास करते. तिघांनी मिळून १९५१ साली आपल्या अनुभवाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो प्रोग्रॅमिंगवरील अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी होय.

असेंबलर नसता तर काय होते, याचा प्रत्यय महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांतून शिकलेल्या अनेकांनी प्रत्यक्ष घेतला आहे. इंटेलचा ८०८५ हा १९७६ सालचा मायक्रोप्रोसेसर अभ्यासक्रमांत दीर्घकाळ ठाण मांडून होता, आणि प्रयोगशाळेतील ‘किट’वर असेंबलर सहसा नसल्यामुळे ते काम विद्यार्थ्यालाच करावे लागे. वहीत पत्ता, ऑपकोड, लेबल आणि निमॉनिक असे रकाने आखायचे, ‘एमव्हीआय ए, ०५’ या आज्ञेसाठी छापील तक्त्यात पाहून ‘३ई ०५’ लिहायचे, ‘एचएलटी’साठी ‘७६’, आणि २००५ या पत्त्यावर सशर्त उडी मारणाऱ्या ‘जेएनझेड’साठी ‘सी२ ०५ २०’, म्हणजे पत्त्याचा कनिष्ठ अर्धा भाग अगोदर आणि ज्येष्ठ नंतर. मग हे आकडे एकामागून एक किल्ल्यांच्या लहानशा पाटीवरून यंत्रात भरायचे. हे सारे सुरळीत पार पडल्यावर मध्येच एक आज्ञा राहून गेल्याचे ध्यानात आले, म्हणजे तिच्यापुढील प्रत्येक आज्ञेचा पत्ता सरके, प्रत्येक उडीचे गंतव्यस्थान बदले, आणि सगळा रकाना नव्याने लिहावा लागे. म्हणून जाणते विद्यार्थी ‘एनओपी’ या निष्क्रिय आज्ञेची दोन-चार शून्ये आधीच मध्येमध्ये पेरून ठेवीत. या कष्टाचे मोल मी कमी मानीत नाही. हाताने असेंबल केलेल्या दहा ओळींनी जे शिकविले ते पुष्कळदा दहा व्याख्यानांनी शिकविलेले नाही.

आता हेच काम टर्मिनलवर कसे होते ते एका छोट्या उदाहरणाने पाहू. (हुकूम अर्थातच रोमन लिपीत टंकावयाचे, येथे ते उच्चारानुसार दिले आहेत.) ‘मुख्य.एस’ या फाइलीत, आजच्या सर्वसाधारण ६४-बिट इंटेल अथवा एएमडी प्रोसेसरसाठी, सहा आज्ञा लिहिल्या आहेत असे समजा. पहिली आज्ञा ५ हा आकडा ‘ईडीआय’ या रजिस्टरमध्ये ठेवते, दुसरी ७ हा आकडा ‘ईएसआय’मध्ये; तिसरी ‘कॉल बेरीज’ म्हणून बेरीज करणाऱ्या तुकड्याला बोलावते; चौथी त्याने दिलेले उत्तर पुन्हा ‘ईडीआय’मध्ये नेते; पाचवी ‘ईएएक्स’मध्ये ६० ठेवते, कारण लिनक्सला ‘मी संपलो’ हे कळविण्याचा क्रमांक ६० आहे; आणि सहावी ‘सिसकॉल’ ही विनंती प्रत्यक्ष लिनक्सपुढे दाखल करते. ‘बेरीज’ हा तुकडा मात्र या फाइलीत नाही. तो ‘बेरीज.एस’ या दुसऱ्या फाइलीत आहे, आणि ती कदाचित दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच गावी बसून लिहिली असेल.

‘एएस -ओ मुख्य.ओ मुख्य.एस’ असा हुकूम दिला, की पडद्यावर काहीच उमटत नाही. युनिक्सच्या परंपरेत काम सुरळीत झाले तर बोलावयाचे नाही असा दंडक आहे, आणि नवख्याला हे मौन प्रथम बुचकळ्यात टाकते, पण ‘मुख्य.ओ’ तयार झालेली असते. तिच्यात काय लिहिले गेले ते ‘ऑब्जडंप -डी मुख्य.ओ’ या हुकुमाने पाहता येते. पहिल्या आज्ञेचे पाच बाइट ‘बीएफ ०५ ०० ०० ००’, दुसरीचे ‘बीई ०७ ०० ०० ००’. अगोदरचा बाइट कोणते रजिस्टर भरावयाचे ते सांगतो, आणि पुढील चार बाइटांत आकडा, कनिष्ठ भाग प्रथम या जुन्या इंटेल रीतीने, मांडलेला आहे. चौथीचे दोनच बाइट, ‘८९ सी७’. पाचवी ‘बी८ ३सी ०० ०० ००’, कारण ६० म्हणजे षोडशमान पद्धतीत ३सी. आणि सहावी ‘०एफ ०५’. तिसरी आज्ञा मी मुद्दाम मागे ठेवली. तिच्या जागी आहे ‘ई८ ०० ०० ०० ००’. ई८ म्हणजे ‘कॉल’. आणि ज्या चार बाइटांत ‘बेरीज’ येथून किती अंतरावर आहे ते लिहावयाचे, तेथे असेंबलरने चार शून्ये लिहिली आहेत. सहा आज्ञा मिळून चोवीस बाइट झाले, त्यांतील चार कोरे.

खरेदीखताचा मसुदा करणारा जाणता लेखक, गट क्रमांक किंवा साक्षीदाराचे नाव हाती आलेले नसेल तेव्हा तेथे अंदाजाने काही खरडत नाही. मोजकी जागा कोरी सोडतो, आणि कोणत्या ओळीत काय भरावयाचे त्याची टीप समासात करून ठेवतो. असेंबलर नेमके हेच करतो. ‘रीडएल्फ -आर मुख्य.ओ’ असे विचारले तर ती टीप आपल्यापुढे उघडी होते: आज्ञांच्या विभागात आरंभापासून, शून्यापासून मोजता, ‘बी’, म्हणजे अकराव्या, स्थानावर, ‘बेरीज’ या नावाच्या पत्त्यातून चार वजा करून, येथील स्थानाशी सापेक्ष असे अंतर भरावे. या नोंदीला रिलोकेशन म्हणतात. चार वजा का करावयाचे, हे थोडे थांबून समजून घेण्याजोगे आहे. प्रोसेसर ‘कॉल’चे अंतर मोजतो ते त्या आज्ञेच्या पुढील आज्ञेच्या आरंभापासून, कोरी जागा मात्र त्या बिंदूच्या चार बाइट अलीकडे सुरू होते, आणि हा फरक पुढे कोणाच्या विस्मरणात जाऊ नये म्हणून असेंबलर तो आधीच नोंदीत घालून ठेवतो. जबाबदारी दुसऱ्यावर सोपवावी ती इतक्या तपशिलाने सोपवावी.

‘एनएम मुख्य.ओ’ हा हुकूम नावांची यादी दाखवितो, आणि तीही वाचण्यासारखी आहे. ‘स्टार्ट’ या आरंभबिंदूच्या नावापुढे ‘टी’ हे अक्षर येते: हे नाव आमच्याकडे आहे, आज्ञांच्या विभागात आहे. ‘बेरीज’पुढे ‘यू’ येते: हे नाव आम्हांस हवे आहे, पण आमच्याकडे नाही. ‘टी’ मोठ्या लिपीतले असेल तर ते नाव इतर फाइलींनाही खुले असते, धाकट्या लिपीतले असेल तर घरगुती. आणि ‘डॉट ग्लोबल’ ही एक ओळ लिहावयाची राहून गेली, की ‘टी’ निमूटपणे धाकटा होतो आणि दुसऱ्या फाइलीस ते नाव सापडेनासे होते. नवशिक्याचा अर्धा दिवस ज्यात वाया जातो असा हा दोष, या एका अक्षराकडे पाहिले तर तत्काळ उघडकीस येतो. ‘मुख्य.ओ’च्या आरंभीच्या चौसष्ट बाइटांत तिचे मुखपृष्ठ असते. त्यातील पहिले चार बाइट ‘७एफ ४५ ४सी ४६’, म्हणजे एक खूण आणि तिच्यामागून ई, एल, एफ ही अक्षरे. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह परंपरेतून आलेल्या ‘एल्फ’ या आराखड्याची ती मोहोर. त्याच मुखपृष्ठावर फाइलीचा प्रकार १ असा नोंदलेला असतो, म्हणजे जोडणीसाठी ठेवलेली. ज्या फाइली प्रत्यक्ष चालविण्याजोग्या असतात त्यांचा प्रकार निराळा.

फाइलीच्या आतल्या आतच घेतलेल्या उड्यांचे प्रकरण याहून वेगळे आहे. पुढे येणाऱ्या लेबलाकडे उडी असेल तर ती आज्ञा लिहिताना त्याचे स्थान असेंबलरला ठाऊक नसते, पण फाइल वाचून संपेपर्यंत ते कळणार हे निश्चित असते. म्हणून जुने असेंबलर मजकूर दोनदा वाचीत, पहिल्या वाचनात केवळ पत्ते मोजीत आणि दुसऱ्यात आज्ञा लिहीत; एएस मूळ मजकूर एकदाच वाचतो आणि राहिलेली भर आपल्या स्मृतीत करतो. त्यातही एक पेच आहे. एकशेसत्तावीस बाइटांपर्यंतच्या पुढच्या उडीला ‘ईबी’ने सुरू होणारी दोन बाइटांची आज्ञा पुरते, त्याहून लांब उडीला ‘ई९’ची पाच बाइटांची लागते, आणि एक उडी लांबली, की तिच्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या उडीचे अंतर वाढून कदाचित तीही लांबते. असेंबलर सर्व उड्या आखूड धरून आरंभ करतो आणि काही लांबवावयाचे उरत नाही तोवर फिरून फिरून मोजतो.

ज्या नावाचा पत्ता लागला नाही ते बाहेरचे असणार, असे एएस न विचारता गृहीत धरतो. त्यामुळे ‘बेरीज’च्या जागी चुकून ‘बेरज’ लिहिले गेले तरी तो तक्रार करीत नाही. आज्ञेचेच नाव चुकले तर मात्र ओळीचा क्रमांक देऊन ‘अशी आज्ञा नाही’ असे स्पष्ट बजावतो. सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी १९९६ साली पुढे आणलेला ‘नॅझम’ हा असेंबलर या बाबतीत कडक आहे: बाहेरचे नाव वापरावयाचे तर ‘एक्सटर्न’ म्हणून ते आधी जाहीर करा, नाहीतर फाइल मिळणार नाही. एएसच्या उदारपणाला सबळ कारण आहे. तो मुख्यतः कंपायलरने लिहिलेला मजकूर पचविण्यासाठी घडविलेला आहे, आणि कंपायलरच्या हातून शुद्धलेखनाच्या चुका होत नाहीत. परंतु जो माणूस स्वहस्ते असेंब्ली लिहितो त्याच्यासाठी नॅझमचा कडकपणाच मला हितावह वाटतो. चूक जेथे घडली तेथेच ती पकडली जावी. नॅझम वापरताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. ‘-एफ एल्फ६४’ असे स्पष्ट सांगितले नाही, तर तो नोंदी आणि याद्या यांवाचून नुसते बाइट लिहितो, आणि असा कोरडा मजकूर जोडणीस निरुपयोगी असतो. विंडोजसाठी त्याच ठिकाणी ‘विन६४’ आणि ॲपलच्या संगणकासाठी ‘माको६४’ लिहावे. कोणत्याही असेंबलरकडून लिस्टिंग जरूर मागून घ्यावी, एएसकडे ‘-एएल’ आणि नॅझमकडे ‘-एल’ लिहून. डावीकडे बाइट आणि उजवीकडे आपण लिहिलेली ओळ असा तो रकानेबद्ध उतारा पाहिला, म्हणजे ८०८५ च्या वहीतील तेच पान यंत्राने स्वतः लिहून दिल्याचे दिसते.

‘-ओ’ आणि त्यापुढील नाव लिहिण्याचे राहिले, तर एएस आपल्या फाइलीस ‘ए.आउट’ असे नाव देतो. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला, तेव्हा तेथे ऑब्जेक्ट फाइली एकमेकींना जोडणारा लिंकर नव्हताच. असेंबलर जे लिहून देई ते तसेच चालविता येई, आणि त्याचे नाव होते असेंबलरचे आउटपुट, म्हणून ‘ए.आउट’. पुढे लिंकर आला, असेंबलरचे आउटपुट चालविण्याजोगे राहिले नाही, तरी नाव टिकले. आणि तेच नाव आज लिंकरही आपल्या पूर्ण झालेल्या फाइलीस देतो. एका नावाखाली दोन भिन्न अवस्थांतील फाइली येण्याचा हा घोळ टाळण्यासाठी ‘-ओ’ लिहिण्याची सवय प्रथमपासून असावी.

आता ‘बेरीज.एस’. तिच्यात दोनच आज्ञा आहेत: दोन्ही रजिस्टरांची बेरीज ‘ईएएक्स’मध्ये ठेवणारी, ‘८डी ०४ ३७’, आणि बोलावणाऱ्याकडे परत जाणारी, ‘सी३’. तीही याच रीतीने ‘बेरीज.ओ’ झाली, की ‘एलडी -ओ हिशेब मुख्य.ओ बेरीज.ओ’ असा हुकूम द्यावा. एलडी हा लिंकर. तो ‘मुख्य’चे चोवीस बाइट मांडतो, त्यांच्यापाठोपाठ ‘बेरीज’चे चार मांडतो, आणि मग टिपा वाचू लागतो. ‘बेरीज’ चोविसाव्या स्थानावर बसली आहे. तिच्यातून चार वजा केले, वीस. कोरी जागा अकराव्या स्थानावर आहे, तेव्हा विसांतून अकरा गेले, नऊ. ‘हिशेब’ ही फाइल ऑब्जडंपने उघडली तर ‘ई८ ०९ ०० ०० ००’ असे स्वच्छ दिसते. प्रोग्रॅम चालवून शेलला त्याचा निकाल विचारला, की १२ हे उत्तर येते. सी भाषेच्या सामायिक ग्रंथालयातील एखादे नाव असते तर तेथील अंतिम पत्ता लिंकरलाही ठाऊक नसता. त्यानेही आपली टीप ठेवून ते काम प्रोग्रॅम चालू होण्याच्या क्षणी येणाऱ्या लोडरकडे सोपविले असते.

पुढे कोणी ‘वजाबाकी.एस’ लिहिली, तिच्या आज्ञा सोळा बाइटांच्या झाल्या, आणि जोडणीच्या हुकुमात तिचे नाव या दोघींच्या मध्ये घातले, असे समजू. ‘मुख्य.एस’ला हात लावावा लागत नाही, ‘मुख्य.ओ’ पुन्हा करावी लागत नाही. तिच्यातील चार शून्ये आणि त्यांची टीप जशीच्या तशी असते. लिंकर पुन्हा मोजतो, आणि नवीन ‘हिशेब’मध्ये त्याच जागी ‘१९ ०० ०० ००’, म्हणजे पंचवीस, लिहितो.